सुमय्याला समजेपर्यंत

ईदच्या दुसऱ्या दिवशी या घरात शिरखुर्माही गरम करून खातात आणि भांडणंही गरम करून घेतात, असं राहिल म्हणायचा.

पहिल्या दिवशी पाहुण्यांची ये-जा असते, सगळे गोड बोलतात. दुसऱ्या दिवशी घरचीच माणसं उरतात. यंदा राहिलची बायको माहेरी ईद करायला गेली होती, त्यामुळे विश्रांतवाडीच्या त्या तीन खोल्यांत जब्बार मास्तर, अमिनाबी, त्यांची तीन मुलं आणि राहिलची आठ वर्षांची सुमय्या एवढीच मंडळी होती. मधली आयेशा कोलंबोहून आली होती. सकाळच्या चहालाच तिने सांगून टाकलं, की पाच वर्षांचा करार संपतोय, बँकेने पुढच्या पाच वर्षांसाठी विचारलंय आणि उद्या सोमवारी ती नकार कळवणार आहे.

राहिलने कप खाली ठेवला. धाकट्या आमीरने टाळी वाजवली. अमिनाबी उठून स्वयंपाकघरात गेल्या.

जब्बार मास्तरांनी चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला. "बरं," ते म्हणाले. "सुमय्याला सांगितलंस?"

"अब्बा, मी छत्तीस वर्षांची आहे."

"ते मला ठाऊक आहे. सुमय्या आठ वर्षांची आहे. म्हणून तर विचारतोय."

या घरात मोठी गोष्ट ठरवायची, तर ती आधी घरातल्या सर्वांत लहान माणसाला समजावून सांगायची. तेवढ्याने भागायचं नाही. त्या लहान माणसाने ती सगळ्यांसमोर आपल्या शब्दांत परत सांगायची. मास्तरांची ही शाळेतली रीत. येरवड्याच्या शाळेत शिकवताना ते 'समजलं का?' असं कधी विचारत नसत, कारण त्या प्रश्नाला सगळीच मुलं 'हो' म्हणतात. ते म्हणत, "आता तू मला सांग."

राहिलने हार्डवेअरचं दुकान टाकायचं ठरवलं, तेव्हा आमीर सहा वर्षांचा होता. राहिलने त्याला तासभर समजावलं. मग आमीरने सगळ्यांसमोर सांगितलं, "भाईजान अब्बांच्या फंडाचे सगळे पैसे घालून नळ आणणार. नळ विकले गेले नाहीत, तर आपण सगळे नळाखाली राहणार." त्या दिवसानंतर राहिलने निम्माच माल भरला. दुकान त्यामुळे तगलं, असं अमिनाबी अजूनही म्हणतात. राहिलला ते आवडत नाही, पण तो नाकारतही नाही.

आयेशाने सुमय्याला सतरंजीवर समोर बसवलं.

"मी कुठे काम करते, माहितीये?"

"बँकेत. पण आपल्या बँकेसारखी नाही. तिथे पासबुक नसतं."

"बरोबर. समज, बऱ्याच देशांनी मिळून एक मोठा डबा ठेवलाय. ज्या देशाला रस्ता, धरण, शाळा बांधायचीय, त्याने डब्यातून पैसे उसने घ्यायचे आणि हळूहळू परत करायचे."

"छान आहे की."

"छानच आहे," आयेशा म्हणाली. तिच्या आवाजात क्षणभर ती जुनी आयेशा आली, जी पाच वर्षांपूर्वी नेमणुकीचं पत्र हातात घेऊन घरभर नाचली होती.

"डबा उघडायचा, हे कोण ठरवतं?"

"सगळे देश मत देतात. पण ज्याने डब्यात जास्त टाकले, त्याचं मत जास्त मोजतात."

सुमय्याने भुवया वर केल्या. "हे चीटिंग आहे."

"बघा!" आमीर सोफ्यावरून ओरडला. "आठ वर्षांच्या पोरीला कळलं!"

"आमीर," मास्तर म्हणाले, "वर्ग चालू असताना मध्ये बोलू नये."

"मग तो नियम बदला ना," सुमय्या म्हणाली.

"बदलायचा तर त्यावरही मतं घेतात. आणि ती मतंही तशीच मोजतात."

मास्तरांनी आपल्या मुलीकडे पाहिलं. जगभर मोठमोठी माणसं ज्या प्रश्नावर परिषदा भरवतात, तो आयेशाने चार वाक्यांत पोरीच्या ओंजळीत ठेवला होता. आपण कौतुकाने हसतोय हे कुणाला दिसू नये, म्हणून त्यांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

"आता झऱ्याची गोष्ट," आयेशा म्हणाली. "नेपाळमध्ये एका डोंगरात या डब्यातल्या पैशांनी रस्ता झाला. रस्ता चांगला होता. दवाखाना जवळ आला, मुलं शाळेत जायला लागली. पण डोंगर फोडून निघालेले दगड आणि माती कंत्राटदाराने खाली ढकलली. खाली एका वाडीचा झरा होता."

"बुजला?"

"बुजला. आता तिथल्या बायका पलीकडच्या ओढ्यावरून पाणी आणतात. चढण इतकी आहे, की मी रिकाम्या हातांनी चढताना दोनदा बसले. बँकेचा नियम आहे, की रस्ता करण्याआधी खालचे झरे बघायचे. कुणी बघितले नाहीत. मग फूलमाया नावाच्या एका बाईने बँकेकडे तक्रार केली. मी तक्रारींच्या खिडकीत बसते. मी गेले, पाहिलं आणि लिहिलं, 'बँकेने स्वतःचा नियम मोडला.'"

"मग?"

"मग मोठ्या साहेबांच्या बैठकीत त्या वाक्याचं झालं, 'नियमाच्या पालनात सुधारणेस वाव राहिला.'"

"म्हणजे काय?"

"म्हणजे मोडला."

"मग तसं का नाही लिहिलं?"

कोलंबोच्या त्या बैठकीत, लांब टेबलाशी, आयेशाने नेमका हाच प्रश्न विचारला होता. तेव्हाही उत्तर मिळालं नव्हतं. मिळाला होता तो चहाचा ब्रेक.

राहिल इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होता. सकाळी त्याचं मत पक्कं होतं आणि त्याने ते बोलूनही दाखवलं होतं. चांगली नोकरी आहे, माणसं मान देतात, राग गिळावा आणि सही करावी. पण झऱ्याची गोष्ट ऐकता ऐकता त्याच्यातला दुकानदार जागा झाला.

"हे बघ आयेशा," तो म्हणाला, "माझ्याकडून नेलेला नळ गळाला, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन नळ माझ्या टेबलावर आपटतं. मी बदलून देतो. प्रेमाने नाही देत. उद्या ते समोरच्या दुकानात जाईल म्हणून देतो. तुमच्या बँकेचं गिऱ्हाईक कोण? सरकार. फूलमाया गिऱ्हाईकच नाही. ती जाणार कुठे? अशा दुकानाला सुधरायची गरजच काय? सोड ते."

"भाईजान, सकाळी तर तुम्ही म्हणत होतात..." आयेशा म्हणाली.

"सकाळी मला झरा माहीत नव्हता."

आमीरला आनंद झाला. आपा नोकरी सोडणार, हे त्याला पहिल्यापासून पटलं होतं. खराडीतल्या त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत बोलतात, त्या भाषेत तो बोलू लागला. "एक्झॅक्टली. फाउंडेशनच चुकीचं आहे, आपा. लेगसी सिस्टीम, म्हणजे जुना कोड, कितीही पॅच करा, ठिगळं लावा, बग येतच राहणार. सगळं नव्याने लिहायला पाहिजे."

"तुमच्या कंपनीत लिहिलंय कधी नव्याने?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे... पूर्ण असं नाही."

"मग काय करता?"

आमीरने मान खाजवली. "पॅच."

राहिल मोठ्याने हसला. आयेशाही हसली, सकाळपासून पहिल्यांदाच.

"पण ते चालतं का रे?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात चिमटा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"चालतं," आमीर सावकाश म्हणाला. "म्हणजे, ज्याला जुना कोड पाठ आहे असा एक माणूस टीममध्ये लागतो. तो सोडून गेला की मात्र सगळं बसतं." बोलता बोलता तो थांबला. आपण कुठल्या बाजूला येऊन उभे राहिलो, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

"तक्रारीची खिडकी तरी कुठून आली?" आयेशा म्हणाली. ती जणू स्वतःशीच बोलत होती. "पूर्वी कुठल्याच बँकेत नव्हती. नर्मदेच्या खोऱ्यातली माणसं धरणाविरुद्ध उभी राहिली, हटली नाहीत, म्हणून त्याला पैसे देणाऱ्या जागतिक बँकेला स्वतंत्र चौकशी करावी लागली. त्यानंतर तक्रारी ऐकायला वेगळं पॅनेल नेमावं लागलं. मग बाकीच्या बँकांनी तेच केलं. आमच्या बँकेनेही. म्हणजे मी ज्या खुर्चीत बसते, ती नंदुरबारकडच्या लोकांनी करून दिलीय."

"आणि धरण?" राहिलने विचारलं.

"धरण झालं."

"मग?"

"मग तेच तर, भाईजान. खुर्ची त्यांना मिळाली नाही. पुढच्यांना मिळाली."

मास्तरांनी त्या खोऱ्यातल्या माणसांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती. तरी आपल्या लेकीची खुर्ची ज्यांनी घडवली, त्यांच्याविषयी त्यांचं मन एकदम भरून आलं. सुधारणा म्हणजे बहुतेक वेळा असंच असतं, त्यांना वाटलं. झाड लावणारा निघून जातो आणि सावलीत बसणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

"चल, सुमय्या," ते म्हणाले. "आता तू आम्हाला सांग."

सांगणाऱ्याने फ्रिजला पाठ लावून उभं राहायचं, हे ठरलेलं होतं. सुमय्या जाऊन उभी राहिली. तिने फ्रॉक नीट केला.

"एक डबा आहे. त्यात सगळे देश पैसे टाकतात. ज्यांनी जास्त टाकले त्यांचं जास्त ऐकतात, आणि हे चूक आहे पण ते बदलायला त्यांनाच विचारायला लागतं. त्या पैशांनी एक रस्ता केला. रस्ता चांगला होता पण त्यांनी झऱ्यावर माती टाकली. फूलमायाने तक्रार केली. फुप्पी चालत गेली आणि दोनदा बसली. मग तिने खरं लिहिलं. मोठ्या साहेबांनी ते बदलून दुसरंच लिहिलं, ते मला आठवत नाही, पण म्हणजे मोडला. मग फुप्पीला राग आला, आणि ती म्हणाली मी येणार नाही जा. आणि फूलमाया अजून वाट बघतेय, कारण तिला काही माहीतच नाही."

"नाही गं," आयेशा म्हणाली. "असं मी कुठे म्हटलं?"

"तू तिला सांगितलंस, असं पण नाही म्हणालीस. म्हणून मी समजले, नाही सांगितलं."

"तिला कळवलंय. नियमाप्रमाणे पत्र गेलंय. पूर्ण अहवाल वेबसाइटवर आहे."

"झऱ्यावर रेंज येते का?" राहिलने विचारलं.

अमिनाबी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात शिरखुर्म्याचं पातेलं होतं आणि ते ठेवायचं त्या विसरल्या होत्या. सकाळी आयेशा बोलली, तेव्हा त्या उठून गेल्या त्या रागाने नाही. मुलगी घरी येणार, या आनंदाने डोळे भरले होते आणि ते कुणाला दाखवायचे नव्हते. त्यानंतर लगेच त्यांनी आयेशासाठी मागच्या खोलीतली गादी गच्चीवर उन्हात टाकली होती. आयेशाने नोकरी सोडावी, असं या घरात त्यांच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. तरी त्या जे बोलल्या, ते दुसरंच होतं.

"आपलं नाल्याकाठचं घर सरकारी कामात गेलं, तेव्हा एक पाटी लावली होती," त्या म्हणाल्या. "आठवतं तुम्हाला, अहो?"

"आठवतं," मास्तर म्हणाले.

"निळी पाटी. इंग्रजीत. मी रोज त्या पाटीखालून पाणी घेऊन जायचे. मला वाटायचं, दुकानाची जाहिरात आहे. घर पाडायच्या आदल्या आठवड्यात यांनी वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं, की कुणाला हरकत असेल तर कळवावी." त्यांनी पातेलं शेवटी खाली ठेवलं. "कळवलं होतं हो त्यांनी. पाटी लावली होती ना. त्यांच्या हिशेबी मला सगळं माहीत होतं. पण इतक्या दिवसांत एकाही माणसाने थांबून विचारलं नाही, की बाई, काय समजलं तुम्हाला?"

आयेशा आईकडे बघत राहिली. नाल्याकाठचं घर पाडलं तेव्हा ती सुमय्याएवढी होती. पाटीची गोष्ट तिने आज पहिल्यांदा ऐकली. आणि तिला त्या वाडीत स्वतः घेतलेल्या बैठकी आठवल्या. तिने बायकांना किती बारीक प्रश्न विचारले होते. पाणी किती लागतं, झरा कधी आटला, वाट कशी आहे. त्यांचं सगळं ऐकून ती निघून आली. अहवाल पूर्ण झाला, तेव्हा तो वर गेला. खाली परत गेलं ते फक्त पत्र. ते वाचून त्यांना काय समजलं, हे विचारायची जागा बँकेच्या नियमात नव्हती. आणि जब्बार मास्तरांच्या मुलीला पाच वर्षांत त्याची आठवण झाली नव्हती.

"या घरात वाढून," ती हळूच म्हणाली, "नेमकं हेच मी विसरले."

"विसरली नसशील," मास्तर म्हणाले. "तिथे कुणी तशी सवय ठेवत नसेल. सवय मोडायला वेळ लागत नाही."

आयेशा उठून खोलीत येरझाऱ्या घालू लागली. लहानपणी गणित सुटत आलं की ती अशीच चालायची, हे मास्तरांना आठवलं.

"असं झालं तर?" ती म्हणाली. "साहेब लोक उपाय ठरवतात, त्यावर मत घेतात. त्या मताच्या आधी कुणीतरी वाडीत जाऊन तो उपाय त्यांच्या भाषेत सांगायचा. आणि त्या बायकांनी तो परत सांगायचा. त्यांनी जे सांगितलं, ते जसंच्या तसं टेबलावर ठेवायचं. त्याला कुणी 'वाव' जोडायचा नाही."

"हा नियम पास होईल?" आमीरने विचारलं.

"माहीत नाही. मतं तशीच मोजतात."

"मग करणार कशाला?" राहिल म्हणाला.

"खिडकीही त्याच मतांनी उघडली होती, भाईजान. कुणीतरी मागत राहिलं म्हणून."

"आणि हे मागायला तिथे बसावं लागणार," राहिल म्हणाला. तो अजून पुरता राजी नव्हता, पण आता बहिणीकडे वेगळ्याच नजरेने बघत होता. रोज नळ आपटणाऱ्या गिऱ्हाइकांना तो मनातून मान द्यायचा. आयेशा त्यांच्याहून पुढची होती. आपटायला नळसुद्धा हातात नसताना ती पुन्हा त्याच दुकानात जायला निघाली होती.

"बाहेरूनही मागता येतं," मास्तर म्हणाले. "मी तुला राहा म्हणत नाही आणि सोडही म्हणत नाही. उद्या काय कळवशील?"

"आधी फूलमायाला कळवते," आयेशा म्हणाली आणि तिने फोन उचलला.

पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा बराच वेळ वाजला. मग एका बाईचा आवाज आला आणि मागे बकऱ्यांचा. वाडीतली माणसं कामासाठी हिंदुस्थानात येऊन-जाऊन असत, त्यामुळे फूलमायाला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. आयेशाने फोन सतरंजीवर मध्ये ठेवला आणि बोलू लागली. एकही अवघड शब्द न वापरता. चूक बँकेची होती, असं मी लिहिलं. वरच्यांनी ते मऊ केलं. उपाय म्हणून पाण्याची टाकी सुचवलीय, पण कामाच्या तिसऱ्या टप्प्यात. तिसरा टप्पा कधी, हे त्यांनी लिहिलेलं नाही. त्यावरचं मत अजून व्हायचंय.

मास्तर ऐकत होते. चाळीस वर्षांच्या शिकवण्यात इतका स्वच्छ धडा आपण किती वेळा घेतला असेल, असं त्यांच्या मनात आलं.

"फूलमायादीदी," आयेशा शेवटी म्हणाली, "अब आप मुझे बताइए. मैंने क्या कहा?"

सुमय्या फोनकडे बघत होती. वर्गात आपल्या आधीच्या मुलाचा नंबर लागल्यावर बघतात, तशी.

मग फूलमाया बोलली. तिच्या हिंदीचा अर्थ असा होता. तुम्ही खरं लिहिलंत. मोठ्या लोकांना आपली चूक तोंडाने म्हणवेना. टाकी देणार, पण माझी मुलगी सासरी गेल्यावर. माझ्या नावावर टाकी आहे आणि डोक्यावर हंडा आहे. बरोबर?

"बरोबर," आयेशा म्हणाली.

"हे त्यांना असंच सांगा," फूलमाया म्हणाली. "आणि सांगून झालं की त्यांना म्हणा, आता तुम्ही सांगा, काय समजलं?"

मास्तरांनी मान वर केली. आयुष्यभर त्यांनी लहानांकडून धडा परत सांगून घेतला होता. वरच्या साहेबाला 'आता तुम्ही सांगा' म्हणावं, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. नेपाळच्या डोंगरातल्या एका बाईला ते पहिल्याच धड्यात सुचलं. त्यांना खूप दिवसांत इतका आनंद झाला नव्हता.

फोन बंद झाल्यावर आयेशाने फूलमायाचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

"फुप्पी," सुमय्याने विचारलं, "मग तू जाणार?"

"जाणार."

"पाच वर्षं?"

"हो. आणि हा नियम झाला की पहिल्यांदा तुला फोन. नाही झाला, तरी तुलाच."

सगळ्यांनी न ठरवता अमिनाबींकडे पाहिलं. त्या वाट्या मांडत होत्या. सगळ्या वाट्या भरून झाल्यावर त्यांनी पदराला हात पुसले.

"आमीर," त्या म्हणाल्या, "गच्चीवर गादी वाळत टाकलीय. उतरवून आण आणि गुंडाळून माळ्यावर ठेव." मग आयेशाच्या हातात वाटी देत त्या म्हणाल्या, "आणि तू जाताना शेवया घेऊन जा. कोलंबोत चांगल्या मिळत नाहीत म्हणत होतीस."